तेरावा महिना

पहिलं वर्ष कंपनीचं असतं.
दुष्काळातला म्हणतात तो तेरावा महिना
मी विकते.

म्हापशाला, बाजाराच्या वरच्या अंगाला,
पांढऱ्या उजेडाच्या दुकानात मी उभी,
छातीवर नावाचा बिल्ला, हातात गुळगुळीत पत्रक.
गिऱ्हाईक वॉशिंग मशीनचं झाकण उघडून
विहिरीत डोकावावं तसं आत बघतं,
खिशातून पाकीट काढतं,
तेवढ्यात मी म्हणायचं:
आणखी फक्त दोन हजार सातशे नव्व्याण्णव,
मग तीन वर्षं काळजी नको.
‘काळजी’वर किंचित थांबायचं,
असं प्रशिक्षणात शिकवतात.

चवथीच्या आधी छताला सवलतींची माटोळी लटकते
आणि कुडचडकर सर रोज संध्याकाळी
फळ्यावर लिहितात, कुणी किती कागद विकले.
फ्रिज किती गेले ते कुणी लिहीत नाही.
एका कागदामागे मला दीडशे.

खरं विचाराल तर
(दुकानात विचारू नका, तिथे मला सांगता येत नाही)
मी विकलेल्या शंभरांतले
चार-पाच कागद परत आले काउंटरवर.
बाकीचे देव्हाऱ्याखालच्या खणात,
वीजबिलं, गॅसच्या पावत्या, पोराचं लसीचं कार्ड
यांच्या सोबतीने निवांत पडून.
परत आले त्यांना मी बारीक अक्षरं वाचून दाखवली:
उंदीर नाही. वीज पडली तर नाही.
रबर नाही. गंज नाही.

पण शिवोलीच्या रेशम चोडणकरांचा फ्रिज
दोनदा जळला, आणि तिसऱ्यांदा
नवा कोरा दारात आला, फुकट.
त्या खाज्यांचा पुडा घेऊन दुकानात आल्या.
त्या आठवड्यात ‘काळजी’वर
मी मनापासून थांबले.

मग आला बोस्त्यांव, हणजूणचा,
तीस वर्षं तारवटी, बोटं दोरखंडासारखी.
पत्रक त्याने हातातसुद्धा घेतलं नाही.
“बाय, मिठाक गॅरंटी आसा?”
मी बारीक अक्षरांकडे बघत राहिले.
त्याचं घर समुद्रापासून चार माडांवर.
“मीठ शाळेत गेलेलं नाही गो,
तुझा कागद त्याला कोण वाचून दाखवणार?”
मशीनच्या पाठीवरच्या एकेका स्क्रूला तो
चिंधीने खोबरेल लावतो,
तान्ह्याच्या कानामागे लावावं तसं.
जुनं चौदा वर्षं चाललं म्हणाला.
जाता जाता बिल उजेडाकडे धरून:
“आणि ही शाई? तेराव्या महिन्यापर्यंत टिकेल?”

नाही टिकत.
आमचं बिल त्या गरम होणाऱ्या कागदावर छापतात.
सहा महिन्यांत रक्कम फिकटते, मग तारीख, मग नाव.
पुढच्या चवथीला,
नेमकं माझं वर्ष सुरू होतं तेव्हा,
खणात एक पांढरी पट्टी असते.
तेव्हापासून सर मागे वळले की मी पुटपुटते,
झेरॉक्स काढून ठेवा.
कुणी ऐकतं, कुणी फोनमध्ये बघत असतं.

अस्नोड्याला, घरी, आईला मिक्सर नेला,
एकोणीस कागदांच्या पैशांतून.
खोका फोडायच्या आधी तिने विचारलं,
“ती वाढीव वॉरंटी घेतलीस मगो?”
घेतली, म्हटलं.
कुठेच थांबले नाही.

तीन वर्षं झाली त्याला.
खोबरं, धणे, सुकी मिरची, रोज सकाळी,
माझ्या एका खोट्यावर मिक्सर चालतोय.
आई झाकणावर तळवा दाबून उभी असते, निर्धास्त.
आणि रविवारी ती देवळात गेली की
मी तो ओट्यावर उलटा करते
आणि त्याच्या चारी स्क्रूंना
तेलाचं बोट लावते.